कस्टमच्या वहीतलं पंचांग

चेन्नईहून गुम्मिडिपूण्डीकडे जाणारी लोकल तिरुवोट्टियूर, विमको नगर, कत्तिवाक्कम अशी स्थानकं घेत एन्नोरला पोचते. शहराचं हे उत्तर टोक. कोसस्थलैयार नदी इथे खाडी होऊन समुद्राला मिळते. त्या खाडीत अजूनही कोळंबी आणि खेकडे धरणारे कोळी आहेत, आणि त्यांच्या पाठीशी औष्णिक वीजकेंद्रांच्या चिमण्या आणि राखेची तळी. खाडी ओलांडली की एकापाठोपाठ एक दोन बंदरं लागतात. पहिलं कामराजर बंदर. २००१ साली ते ‘एन्नोर बंदर’ या नावानं सुरू झालं, तेव्हा देशातलं बारावं मोठं बंदर होतं आणि कंपनी म्हणून स्थापन झालेलं पहिलं. त्याच्या पलीकडे कट्टुपल्ली : लार्सन अँड टुब्रोनं बांधलेलं, २०१३ साली सुरू झालेलं आणि २०१८ पासून अदानी समूहाकडे असलेलं. इथे कोळसा आणि द्रवरूप नैसर्गिक वायू उतरतो, चेन्नईच्या कारखान्यांतल्या मोटारी परदेशी जायला जहाजावर चढतात, आणि कंटेनर दिवसरात्र ये-जा करत असतात.

कस्टमच्या संगणकात एन्नोरची ओळख ‘आयएनईएनआर१’, कट्टुपल्लीची ‘आयएनकेएटी१’. मुंबईपलीकडच्या न्हावाशेव्याची ‘आयएनएनएसए१’. जहाज धक्क्याला लागण्याआधी शिपिंग कंपनी त्यातल्या मालाची यादी दाखल करते. मग आयातदाराचा एजंट, म्हणजे सीएचए, ‘बिल ऑफ एंट्री’ भरतो : माल काय, नग किती, कुठल्या देशातून आला, किंमत किती आणि तो कुठल्या शीर्षकाखाली मोडतो. व्हिडिओ गेम कन्सोलचं शीर्षक जगभर एकच आहे, ९५०४.५०. एजंटानं वर्णनात नुसतं ‘इलेक्ट्रॉनिक वस्तू’ लिहिलं तर अधिकारी शंका काढतो आणि माल अडकतो. म्हणून मॉडेल क्रमांकासकट सगळं नीट लिहायची या धंद्याची रीत आहे.

नेमक्या याच रीतीनं काही वर्षं जगभरच्या यंत्रवेड्यांना वेड लावलं होतं.

२०१३ ते २०१६ या काळात भारतातल्या आयात-निर्यातीच्या नोंदी ‘झौबा’ नावाच्या संकेतस्थळावर कुणालाही शोधता येत असत. एएमडी आणि एनव्हिडिया या चिप कंपन्यांची, सॅमसंगची आणि इतर अनेकांची संशोधन केंद्रं हैदराबाद, बंगळुरू, नोएडा इथे आहेत. बाजारात न आलेल्या यंत्राचे नमुने चाचणीसाठी तिथे विमानानं येत. आले की कस्टमच्या दारातून जाणं भाग, आणि दारातून गेले की नोंद होणं भाग. मग अमेरिकेतला किंवा जर्मनीतला एखादा बातमीदार सकाळी उठून भारतातल्या एअर कार्गोच्या नोंदी चाळायचा. एखादा अनोळखी सांकेतिक क्रमांक, त्यापुढे रुपयांत लिहिलेली किंमत आणि ‘फॉर आर अँड डी’ असा शेरा सापडला, की दुपारपर्यंत बातमी तयार : अमुक कंपनीचं नवं ग्राफिक्स कार्ड येतंय, तमुक कंपनीचा नवा फोन अमुक इंचांचा आहे. कंपनीच्या प्रसिद्धीखात्यानं कडीकुलपात ठेवलेलं गुपित आपल्याकडच्या सीएचएनं भरलेल्या एका ओळीतून फुटायचं. नव्या यंत्राचा मुहूर्त काढणाऱ्यांना भारतीय कस्टमची वही हेच पंचांग झालं होतं.

२०१६ च्या अखेरीस तो झरा आटला. पुढे २०२२ च्या वित्त कायद्यानं कस्टम कायद्यात १३५एए हे नवं कलम आलं. आयात-निर्यातीच्या मालाची किंमत, वर्गवारी, संख्या किंवा आयातदाराचा तपशील कायद्यानं परवानगी नसताना प्रसिद्ध केला, तर सहा महिन्यांपर्यंत कैद, पन्नास हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही. सरकारचा हेतू व्यापाऱ्यांची गुपितं राखण्याचा होता. यंत्रवेड्यांची अडचण झाली ती ओघानंच.

अंदाज बांधणारे मात्र थांबले नाहीत. ते दुसऱ्या देशांच्या नोंदींकडे वळले, आणि या वाटेनं लागलेला अलीकडचा सगळ्यात मोठा शोध हातात धरून खेळायच्या यंत्राचाच होता.

निन्टेन्डो या जपानी कंपनीनं ३ मार्च २०१७ रोजी ‘स्विच’ बाजारात आणला. टीव्हीला जोडून खेळा, नाहीतर उचलून प्रवासात न्या, अशी त्याची बनावट. त्याची विक्री पुढे १५ कोटींच्या वर गेली. पण त्यातली चिप एनव्हिडियाची टेग्रा एक्स१ होती, आणि ती २०१५ सालापासून बाजारात होती. त्यामुळे दोन-तीन वर्षांतच ‘पुढचा कधी?’ ही चर्चा सुरू झाली. मार्च २०२१ मध्ये ‘ब्लूमबर्ग’नं बातमी दिली की सात इंची ओलेड पडद्याचा आणि टीव्हीवर फोर-के चित्र देणारा स्विच येतोय. ऑक्टोबर २०२१ मध्ये यंत्र आलं. पडदा सात इंची आणि ओलेड होता. फोर-के नव्हतं, चिपही जुनीच होती. पडदा कारखान्यात ठरल्याप्रमाणे बनत होता, त्याची खबर खरी निघाली. आतल्या नव्या चिपबद्दलचं भाकीत चार वर्षं लवकर झालं.

त्यानंतरचे धागेदोरे जास्त पक्के होते. २०२२ च्या सुरुवातीला हॅकर्सनी एनव्हिडियाच्या संगणकांत शिरून माहिती चोरली, तेव्हा निन्टेन्डोच्या नव्या ग्राफिक्स प्रणालीच्या खुणा बाहेर आल्या. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये एनव्हिडियाच्या एका कर्मचाऱ्यानं लिनक्सच्या खुल्या संहितेत ‘टेग्रा २३९’ या चिपचा उल्लेख केला, आठ गाभ्यांसकट. २०२४ च्या मध्यात व्हिएतनाममधल्या कारखान्यांच्या कस्टम नोंदी चाळणाऱ्यांना १२ जीबी मेमरी आणि २५६ जीबी साठवणुकीचे सुटे भाग सापडले. जानेवारी २०२५ मध्ये लास व्हेगासच्या प्रदर्शनात ‘जेन्की’ या सुट्या वस्तू विकणाऱ्या कंपनीनं तर नव्या यंत्राची हुबेहूब प्रतिकृतीच मांडून ठेवली. निन्टेन्डोनं पुढे त्या कंपनीवर खटला भरला आणि तो तडजोडीनं मिटला. ५ जून २०२५ रोजी ‘स्विच २’ दुकानात आला, तेव्हा आत टेग्रा २३९ होती, मेमरी १२ जीबी होती आणि साठवणूक २५६ जीबी.

यातून एक गोष्ट दिसते. यंत्रात काय असेल याचे अंदाज फार क्वचित साफ चुकतात, कारण वस्तू कुठेतरी बनत असते, तपासली जात असते, पेटीत भरली जात असते. फसगत होते ती ‘कधी’ या प्रश्नावर. चिप तयार असते, पण जुनं यंत्र अजून खपत असतं. यंत्र तयार असतं, पण सोबत द्यायचा खेळ अर्धाच झालेला असतो. २०२४ च्या फेब्रुवारीत नवा स्विच त्या वर्षी न येता २०२५ मध्ये येणार अशी बातमी फुटली आणि टोकियोच्या बाजारात निन्टेन्डोचा शेअर घसरला. अजून ज्याचं अस्तित्वही कंपनीनं मान्य केलं नव्हतं, त्या यंत्राला उशीर झाल्याचा हा फटका.

मागच्या यंत्रांमधली अंतरं मोजून काही सूत्र निघतं का? गेम बॉय १९८९ चा, त्याच्या जागी गेम बॉय अॅडव्हान्स आला २००१ मध्ये : बारा वर्षं. मधे १९९८ ला रंगीत आवृत्ती आली, पण मूळ घराणं तेच. अॅडव्हान्सनंतर चार वर्षंही पुरी व्हायच्या आत, नोव्हेंबर २००४ मध्ये, दोन पडद्यांचा डीएस. डीएसनंतर सव्वासहा वर्षांनी थ्रीडीएस. त्यानंतर सहा वर्षांनी स्विच, आणि स्विचनंतर सव्वाआठ वर्षांनी स्विच २. सोनीचा पीएसपी डिसेंबर २००४ चा, त्याचा वारस व्हिटा डिसेंबर २०११ चा, सात वर्षांनी. आणि व्हिटाचं उत्पादन २०१९ मध्ये थांबलं तरी त्याचा खरा वारस आलाच नाही.

बारा, चार, सहा, सहा, आठ, सात. या आकड्यांची सरासरी काढता येईल, पण तिच्यावर भरवसा ठेवता येणार नाही. प्रत्येक अंतरामागे वेगळं कारण होतं. गेम बॉय बारा वर्षं टिकला, कारण गुनपेई योकोई या अभियंत्यानं तो मुद्दाम जुन्या, स्वस्त झालेल्या भागांचा बनवला होता. करडा-हिरवा पडदा, चार पेन्सिल सेल, दणकट डबा. समोर रंगीत पडद्याचे स्पर्धक येऊन बॅटरी संपून गेले, हा चालत राहिला. दोन्ही आवृत्त्या मिळून ११ कोटी ८६ लाखांवर खपला. डीएस घाईनं आला, कारण सोनी पीएसपी घेऊन अंगणात उतरत होती. शिवाय डीएस हा अॅडव्हान्सचा वारस नाही, तो आमचा ‘तिसरा खांब’ आहे, असं निन्टेन्डो सांगत राहिली. डीएस पडला तर गेम बॉयचं नाव खराब होऊ नये, ही त्यातली हुशारी.

वारसाबद्दल तोंड मिटून बसण्याची ही सवय कंपन्यांना लागली, त्यामागे एक जुनी गोष्ट आहे, आणि तिचं एक टोक तमिळनाडूत आहे. अॅडम ऑस्बोर्न हा इंग्रज मुलगा तिरुवण्णामलैला वाढला. वडील आर्थर ऑस्बोर्न हे रमण महर्षींचे शिष्य. महर्षींच्या आश्रमाच्या सावलीत खेळलेला, तमिळ बोलणारा हा मुलगा पुढे अमेरिकेत गेला आणि १९८१ साली त्यानं ‘ऑस्बोर्न १’ हा उचलून नेता येणारा संगणक आणला. वजन जवळपास अकरा किलो, किंमत १,७९५ डॉलर. बाजारात चाललेला हा पहिला पोर्टेबल संगणक. १९८३ च्या सुरुवातीला ऑस्बोर्न पुढच्या, सरस मॉडेलबद्दल मोकळेपणानं बोलू लागले. दुकानदारांनी जुन्याच्या मागण्या थांबवल्या, नवं वेळेत हाती आलं नाही, आणि सप्टेंबर १९८३ मध्ये कंपनीचं दिवाळं निघालं. जाणकारांनी पुढे इतरही कारणं दाखवली, पण ‘ऑस्बोर्न इफेक्ट’ हे नाव धंद्याच्या पुस्तकांत कायमचं बसलं. ऑस्बोर्न नंतर आजारपणात भारतात परतले आणि २००३ साली कोडैकानलला वारले.

निन्टेन्डोचे अध्यक्ष शुंतारो फुरुकावा ७ मे २०२४ रोजी काय म्हणाले, ते या गोष्टीच्या उजेडात वाचावं. स्विचच्या वारसाची घोषणा याच आर्थिक वर्षात करू, एवढंच. नाव नाही, चित्र नाही, किंमत नाही. आर्थिक वर्ष संपत होतं ३१ मार्च २०२५ ला. घोषणा झाली १६ जानेवारीला. अंदाज बांधणाऱ्यांसाठी त्यातला धडा सरळ आहे : गाजावाजा करणाऱ्या बातम्यांपेक्षा भागधारकांना दिलेलं कंटाळवाणं पत्रक जास्त कामाचं. चालू यंत्राच्या पुढच्या वर्षाच्या विक्रीचा अंदाज कंपनी खाली आणू लागली, की समजावं काहीतरी शिजतंय.

आणि तरीही शेवटच्या क्षणी राजकारण आडवं येऊ शकतं. २ एप्रिल २०२५ रोजी निन्टेन्डोनं स्विच २ ची तारीख आणि ४४९.९९ डॉलर ही किंमत जाहीर केली. अमेरिकेच्या राष्ट्राध्यक्षांनी देशोदेशींच्या मालावर नवी आयातशुल्कं जाहीर केली तीही त्याच दिवशी. व्हिएतनामवर ४६ टक्के, आणि अमेरिकेला पाठवायची यंत्रं निन्टेन्डोनं व्हिएतनाममध्येच बनवायला घेतली होती. ९ एप्रिलला सुरू होणारी आगाऊ नोंदणी लांबली, ती २४ एप्रिलला उघडली. किंमत तीच राहिली. पहिल्या चार दिवसांत जगभरात ३५ लाख यंत्रं गेली.

भारतात मात्र ‘पुढचा कधी येणार?’ या प्रश्नाची दोन उत्तरं असतात. एक जगासाठीची तारीख, एक आपल्यासाठीची. सोनीचा प्लेस्टेशन ५ अमेरिका-जपानात १२ नोव्हेंबर २०२० ला आला, भारतात २ फेब्रुवारी २०२१ ला. मधे ८२ दिवस गेले. त्या आधी दिल्लीतल्या एका गृहस्थानं ‘पीएस५’ या नावाच्या व्यापारचिन्हासाठी सोनीच्याही आधी अर्ज करून ठेवला होता. तो नंतर मागे घेतला गेला, पण गेमवेड्यांच्या गप्पांना काही महिने विषय मिळाला. हातात धरायच्या यंत्रांचा हिशेब आणखी विस्कळीत. आसूसचा ‘आरओजी अॅलाय’ जुलै २०२३ मध्ये ६९,९९० रुपयांना रीतसर आला. सोनीचा ‘प्लेस्टेशन पोर्टल’ सप्टेंबर २०२४ मध्ये, जगानंतर दहा महिन्यांनी, १८,९९० ला. व्हॉल्व्ह कंपनीचा ‘स्टीम डेक’ फेब्रुवारी २०२२ पासून परदेशात विकला जातो, भारतात तो रीतसर आलेला नाही. आणि निन्टेन्डोची तर इथे ना विक्रीव्यवस्था, ना भारतासाठी वेगळं ऑनलाइन दुकान.

मग स्विच येतो कसा? मुंबईत लॅमिंग्टन रोड, चेन्नईत माउंट रोडलगतची रिची स्ट्रीट आणि बंदरासमोरचा बर्मा बझार. ब्रह्मदेशातून परतलेल्या तमिळ कुटुंबांसाठी १९६९ साली वसवलेला हा बाजार परदेशी मालाचं ठिकाण म्हणून नावारूपाला आला. इथे कन्सोल मिळतो तो दुबई, सिंगापूर, हाँगकाँगहून आलेला. वॉरंटी दुकानदाराच्या शब्दाची, आणि खेळ विकत घ्यायचे तर खात्यावर दुसऱ्या देशाचा पत्ता. दुसरा मार्ग नातेवाइकांचा. २०१६ च्या बॅगेज नियमांनी परदेशातून परतणाऱ्याला ५० हजार रुपयांपर्यंतचा माल शुल्काशिवाय आणू दिला, त्यापुढे ३८.५ टक्के. स्विच २ ची अमेरिकेतली किंमत २०२५ च्या दरानं चाळीस हजारांच्या आसपास बसत होती. त्यामुळे न्यू जर्सीची आत्या किंवा सिंगापूरचा मामा हीच अनेक मराठी घरांची अधिकृत वितरणव्यवस्था झाली.

या सगळ्यात एक गंमत पुण्याची. नॉडिंग हेड्स गेम्स या पुण्याच्या छोट्या स्टुडिओनं ‘राजी : अॅन एन्शन्ट एपिक’ हा खेळ बनवला. असुरांनी पळवलेल्या धाकट्या भावाला, गोलूला, सोडवायला निघालेली राजी, आणि तिच्या पाठीशी दुर्गा. २०१७ मध्ये लोकवर्गणीची मोहीम फसली, तरी चमू चिकाटीनं काम करत राहिला. १८ ऑगस्ट २०२० रोजी खेळ बाजारात आला तो सर्वांत आधी निन्टेन्डो स्विचवर. इतर यंत्रांना तो दोन महिन्यांनी मिळाला. त्या वर्षीच्या ‘गेम अवॉर्ड्स’मध्ये पदार्पणाच्या विभागात त्याला नामांकनही होतं. म्हणजे पुण्यात बनलेला खेळ पहिल्या दिवशी ज्या यंत्रावर उतरला, ते यंत्र पुण्याच्या कुठल्याच दुकानात कंपनीच्या नावानं मिळत नव्हतं.

बहुसंख्य भारतीयांसाठी हातातलं यंत्र कधी निन्टेन्डोचं नव्हतंच. नव्वदच्या दशकात ते जत्रेत आणि स्टेशनबाहेर मिळणारं, ‘९९९९ इन वन’ लिहिलेलं ब्रिक गेमचं यंत्र होतं. नंतर ते नोकिया झालं. चेन्नईच्या नैऋत्येला श्रीपेरुंबुदूरमध्ये नोकियाचा कारखाना २००६ ते २०१४ चालला. तिथून बाहेर पडणाऱ्या स्वस्त फोनवर देशभरच्या पोरांनी साप लांबवला. आज त्याच पट्ट्यात फॉक्सकॉन आयफोन जुळवते. आणि वाट पाहण्याचा खरा देशी अनुभव कन्सोलचा नसून ‘बीजीएमआय’चा आहे. जुलै २०२२ मध्ये सरकारनं हा खेळ ॲप-दुकानांतून काढायला लावला, मे २०२३ मध्ये तो परतला. मधले दहा महिने ‘या शुक्रवारी येतोय’ अशी भाकितं दर आठवड्याला होत होती.

आता पुढचं. स्टीम डेकच्या वारसाबद्दल व्हॉल्व्हच्या अभियंत्यांचं म्हणणं २०२३ पासून एकच आहे : दरवर्षी थोडं थोडं सुधारलेलं मॉडेल काढायचं नाही, तेवढ्याच बॅटरीत मोठी झेप घेणारी चिप मिळेल तेव्हाच. नोव्हेंबर २०२५ मध्ये नवी यंत्रं जाहीर करतानाही त्यांनी हेच सांगितलं, तशी चिप अजून बाजारात नाही. त्यात २०२५ च्या अखेरीपासून मेमरी महागली. एआयच्या डेटा सेंटर्सनी मेमरीचे कारखाने आधीच बुक करून टाकले, आणि डिसेंबरमध्ये मायक्रॉननं सामान्य ग्राहकांसाठीचा ‘क्रूशल’ ब्रँड बंद करत असल्याचं जाहीर केलं. अशा बाजारात ठराविक किमतीचं नवं यंत्र आणणं कुठल्याही कंपनीला जड. तेव्हा डेकच्या वारसाची वाट पाहणाऱ्यांनी सनसनाटी बातम्या सोडाव्यात आणि एएमडीच्या कमी विजेवर चालणाऱ्या चिपांची घोषणा तेवढी वाचावी. सोनी पीएस५ चे खेळ चालवणाऱ्या हातातल्या यंत्रावर काम करत असल्याचं ‘ब्लूमबर्ग’नं नोव्हेंबर २०२४ मध्ये लिहिलं, पण तेही काही वर्षं दूर असल्याच्या सूचनेसकट. आणि स्विच २ च्या पुढचा? डीएसपासूनची अंतरं धरली तर सहा वर्षांनी २०३१, आठ वर्षांनी २०३३.

भारतातली तारीख ओळखायची असेल तर एक वही अजून उघडी आहे. २०१२ च्या सरकारी आदेशानं सक्तीच्या नोंदणीखाली आणलेल्या पहिल्या पंधरा प्रकारांत व्हिडिओ गेम होते. भारतात रीतसर विकायच्या अशा यंत्राची भारतीय मानक ब्युरोकडे, म्हणजे बीआयएसकडे, कारखानानिहाय नोंदणी लागते. त्यासाठी नमुना इथल्या मान्यताप्राप्त प्रयोगशाळेत तपासावा लागतो. वायरलेस भागांची मंजुरी वेगळी. कस्टमच्या नोंदी आता कायद्याआड गेल्या असल्या, तरी बीआयएसच्या नोंदण्या कुणालाही पाहता येतात, आणि फोनच्या बातम्या देणारे त्या आजही रोज चाळतात. सोनीचं पुढचं यंत्र भारतात निघालं, तर त्याचा पहिला माग तिथे लागेल. मग कधीतरी न्हावाशेव्याला किंवा कट्टुपल्लीला ९५०४.५० खाली एक कंटेनर सुटेल. निन्टेन्डोनं आपला विचार बदलला नाही, तर तिच्या पुढच्या यंत्रासाठी ही यादी चाळण्यात अर्थ नाही. २०३१ असो वा २०३३, त्याची चौकशी मामाच्या तिकिटाच्या तारखेपासूनच सुरू करावी लागेल.